विस्तवाला न भिणारी काच

ज्यांची उभी हयात गॅसच्या ज्वालेवर स्वयंपाक करण्यात गेली, त्यांनी विजेची काचेची शेगडी घरात आणण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या ध्यानी घ्याव्यात. पहिली ही की, या शेगडीचा खटका बंद केला म्हणून तिची आंच बंद होत नाही. आणि दुसरी, जी पहिलीहूनही महत्त्वाची, ती ही की, या काचेवर उतू गेलेल्या दुधाला, आमटीला किंवा भाताच्या पेजेला काच निवेपर्यंत थांबवून ठेवता येते, परंतु साखरेच्या अथवा गुळाच्या पाकाला तेवढीही सवलत देता येत नाही. आमच्या बऱ्हाणपुरात मावा जिलबी, दराबा, पुरणपोळी आणि तिळगूळ यांवाचून वर्ष सरत नाही, आणि अलीकडे माझ्या ओळखीच्या काही घरांत गॅसच्या जोडीला इन्फ्रारेड शेगडी येऊन बसली आहे. म्हणून आमच्या घरी जे घडले ते तपशीलवार लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते.

भोगीची संध्याकाळ होती, गॅसच्या दोन्ही शेगड्या अडलेल्या होत्या, आणि सूनबाईंनी चिक्कीसाठी गुळाचा पाक काचेच्या शेगडीवर ठेवला होता. पाक गोळीबंद झाल्यावर चिक्की खुसखुशीत व्हावी म्हणून त्यात चिमूटभर सोडा घालण्याचा आमच्याकडे जुना शिरस्ता आहे. तो घालताच पाक फसफसून पातेल्याच्या काठापर्यंत आला, आणि त्यांनी तत्काळ, कोणीही करील त्याप्रमाणे, खटका बंद केला. गॅस असता तर ज्वाला मालवताच फेस खाली बसला असता. येथे मात्र काचेखालची तार लालबुंद होती, काच स्वतः तापलेली होती, आणि त्या साठलेल्या आंचेवर फेस चढतच राहून पातेल्याच्या अंगावरून ओघळला व काचेवर तळहाताएवढा पसरला. पातेले उचलून बाजूला ठेवून सूनबाईंनी विक्रेत्याच्या माणसाला फोन लावला, तेव्हा त्याने ताकीद दिली, ती अशी: "ताई, काच गरम असताना तिला अजिबात हात लावू नका, पूर्ण थंड झाली की ओल्या फडक्याने पुसून घ्या." दूध सांडले असते तर हा सल्ला बिनचूक ठरला असता. पाकाच्या बाबतीत मात्र त्यानेच घात केला.

रात्री जेवणे आटोपल्यावर मी शेगडीपाशी गेले, तेव्हा पाक पिवळ्याजर्द पापुद्र्यासारखा घट्ट बसला होता आणि मधूनमधून त्याला आपोआप तडे जाऊन बारीक टिचकण्याचा आवाज येत होता. एक कड नखाने उचलताच तेवढा तुकडा सहज सुटून हातात आला. तो दिव्यापाशी धरून उलटा केला, तर त्याच्या खालच्या अंगाला काचेचे केसाएवढे पातळ कपचे चिकटून चमकत होते. आणि जेथून तो निघाला होता तेथे, त्या आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठावर, नख अडकेल अशा खळग्या पडल्या होत्या. शेगडीवर कोणी काही आपटले नव्हते, कोणी काही घासले नव्हते. निव्वळ गूळ निवला होता, आणि निवता निवता त्याने काच उपटून काढली होती.

हे कसे घडते याचा खुलासा त्या काचेच्या घडणीतच आहे. अमेरिकेतील कॉर्निंग येथील काचेच्या कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टुकी यांनी १९५३ मध्ये प्रकाशसंवेदी काचेचा एक तुकडा भट्टीत ठेवला होता. भट्टीचे उष्णतामान सुमारे सहाशे अंश सेल्सियसवर राखण्याऐवजी यंत्रातील बिघाडामुळे नऊशेपर्यंत चढले, आणि काच वितळून गेली असेल या समजुतीने त्यांनी भट्टी उघडली, तो आत दुधाळ रंगाचा अखंड तुकडा होता, जो चिमट्यातून निसटून फरशीवर पडला आणि तरीही फुटला नाही. काचेच्या पोटात सूक्ष्म स्फटिक तयार होऊन तिचा निराळाच पदार्थ बनला होता. या शोधाच्या वाटेने पुढे स्वयंपाकाची पांढरी भांडी आली, आणि जर्मनीतील शॉट या काचनिर्मात्या कंपनीने १९७१ मध्ये शेगडीच्या माथ्यासाठी सेरान नावाची काच लोकांपुढे आणली. लिथियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिका यांच्या संयोगातून घडलेल्या या काचेतील स्फटिक उष्णतेने किंचित आकुंचन पावतात आणि त्यांच्या भोवतालची उरलेली काच प्रसरण पावते. दोहोंचा हिशेब जवळजवळ शून्यावर येऊन मिटतो. म्हणूनच एका जागी ती लालभडक तापलेली असताना हातभर अंतरावर थंड राहू शकते, आणि तप्त काचेवर गार पाणी पडले तरी तडकत नाही.

परंतु जो गुण तिला विस्तवापासून वाचवतो, तोच तिला पाकापुढे निर्बल करतो. पाक तापलेल्या काचेला अंगभर चिकटतो. निवताना तो पुष्कळ आकसतो, आणि काच मात्र मुळीच आकसत नाही. दोघांत अशी ओढाताण सुरू झाली म्हणजे जे आधी तुटेल ते तुटते, आणि पुष्कळदा काचेचा वरचा पातळ थरच पाकाबरोबर सुटून येतो. प्लॅस्टिकची पिशवी चिकटली, अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद वितळला, तरी त्यांच्याबाबतीतही निवण्याची वाट पाहणे असेच घातक ठरते.

यास्तव पाक सांडल्यास काय करावे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. प्रसंग आल्यावर विचार करण्यास अवधी मिळत नाही. खटका बंद करावा, पातेले सरळ वर उचलून बाजूला ठेवावे, हातात जाड आणि पूर्ण कोरडा मोजा घालावा, आणि लांब दांड्याच्या, ब्लेड बसवलेल्या स्क्रेपरने, तो काचेशी तिरपा, निजता धरून, पाक तापलेल्या जागेवरून थंड जागेकडे लोटीत न्यावा. प्रत्येक खेपेस ब्लेड जाड कोरड्या कपड्याला पुसून घ्यावे. सर्व पाक एकदम निघत नाही, आणि तो निघावा म्हणून जोर करण्याचेही कारण नाही. जाड थर निघाला की उरलेला पुसट अंश काच निवल्यावर ओल्या फडक्याने सुटतो. तप्त काचेवर ओले फडके मात्र टाकू नये. काच ते सोसते, पण उसळणारी वाफ हात भाजून काढते. हा स्क्रेपर कपाटाच्या तळाशी न ठेवता शेगडीजवळ, पण लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर टांगून ठेवण्याची तजवीज आम्ही त्या भोगीनंतर केली. आणि सोडा घालायचा झाल्यास तो पातेले शेगडीवरून उतरवून, फरशीवर ठेवून घालावा, हा नवा शिरस्ता आमच्या घरात आता पक्का झाला आहे.

दूध, डाळ, भाजीचा रस्सा यांच्यासाठी इतकी घाई नको. काच कोमट झाली की भांड्याच्या साबणाचे थोडे पाणी लावून मऊ सुती फडक्याने पुसावे, मग स्वच्छ पाण्याने, आणि शेवटी कोरड्या फडक्याने. करपून बसलेल्या डागावर खाण्याच्या सोड्याचा दाट लेप द्यावा, त्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके झाकून ठेवावे, आणि डाग मऊ झाला की पुन्हा तोच तिरपा स्क्रेपर चालवावा. काचेसाठी मिळणारे खास क्रीम वापरल्यास ते पूर्ण पुसून काढणे आवश्यक आहे, कारण त्याचा राहिलेला अंश पुढच्या वेळी तापून स्वतःच डाग होतो.

शेवटच्या कोरड्या फडक्याचा जो आग्रह मी धरते, त्याला बऱ्हाणपुराचे पाणी कारण आहे. अब्दुल रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची जी अपूर्व व्यवस्था उभी राहिली, तो कुंडी भंडारा लालबागेजवळ आजही वाहता आहे. शंभराहून अधिक कुंड्या एकमेकींस जोडणाऱ्या त्या भुयारात जो उतरला असेल त्याने भिंतींवर चुन्याच्या क्षारांची जाड पुटे जातीने पाहिली असतील. शतकानुशतके थेंबाथेंबाने जे तेथे साचले, तेच आमच्या विहिरी-बोअरच्या पाण्यातून काचेवर रोज साचू पाहते. ओली सोडलेली काच पुढल्या वेळी तापली की पाण्याचा थेंब उडून जातो आणि मागे पांढरे कडे राहते. तसेच ते वारंवार तापत गेले की हट्टी होते. पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने, किंवा लिंबाच्या रसाने, ते थोडा वेळ भिजवून पुसले असता निघते. परंतु रोज कोरडे पुसणाऱ्या घरात ते उमटतच नाही. माझ्या मते या गावात या शेगडीची अर्धी निगा एवढ्या एका फडक्यात आहे.

उरलेली निगा भांड्यांच्या बुडाशी असते. इन्फ्रारेड शेगडीला इंडक्शनप्रमाणे चुंबक धरणारेच भांडे हवे, असे बंधन नाही. पितळेचे, तांब्याचे, अ‍ॅल्युमिनियमचे कोणतेही चालते, असे विक्रेते सांगतात आणि ते खरेही आहे. मात्र तांबे व अ‍ॅल्युमिनियम काचेवर घासले गेले की रुपेरी-करड्या रेघा उठतात, आणि त्या लवकर जात नाहीत. बूड सपाट हवे; पातेले पालथे घालून त्यावर पट्टी उभी धरावी, आणि पट्टीखालून उजेड दिसला तर ते भांडे गॅसवरच वापरावे. गोल बुडाची कढई येथे निरुपयोगी. वांगी भाजणे या काचेवर करूच नये. आमच्या खानदेशी भरताची चव जिवंत जाळाखेरीज उतरत नाही, आणि त्यासाठी गॅस अथवा काटक्यांचा जाळ राखून ठेवणे यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. भांडे सरकवू नये, उचलून ठेवावे. कारण मिठाचा अथवा वाळूचा एक कण बुडाखाली सापडला तरी रेघ उमटते, आणि ती कायमची. ज्या घरात भांडी राखेने किंवा विटकरीच्या पुडीने घासली जातात, तेथे बूड धुऊन, पुसून मगच काचेवर यावे. राख, तारेची घासणी, हिरवा खरखरीत स्क्रबर, भांडी घासायची पावडर यांपैकी कशाचाही काचेशी संबंध येता कामा नये. ही गोष्ट घरी भांड्यांना येणाऱ्या मावशींना जातीने, हातात फडके देऊन दाखवावी. त्यांना न सांगता पुढे त्यांच्यावर कसूर लादणे अन्यायाचे होईल.

विजेचा बंदोबस्त शेगडी आणण्याआधी करावा. दोन हजार वॉटची शेगडी दोनशे तीस व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह ओढते. तिला सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेटच लागतो, आणि पंख्या-दिव्यांच्या सहा अँपिअरच्या सॉकेटावर अथवा लांबवलेल्या वायरीच्या बोर्डावर ती चालवणे म्हणजे भिंतीतल्या वायरीला आग लावण्यास वाव देणे होय. स्वयंपाक आटोपल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत प्लग उपसू नये. स्वयंपाक चालू असताना वीज गेली तर काच आपोआप निवेल अशा भ्रमात न राहता भांडे उतरवून ठेवावे. ज्वाला दिसत नाही, म्हणून नातवंडांनी काचेवर हात टेकण्याचा, आणि आजी-आजोबांनी स्टीलचा डबा किंवा प्लॅस्टिकचे झाकण तिच्यावर सहज ठेवण्याचा धोका गॅसपेक्षा अधिक. काच तप्त असल्याची खूण दाखवणारा दिवा बहुतेक शेगड्यांना असतो. तो विझल्याखेरीज त्या जागी काहीही ठेवू नये.

आमच्या काचेवरच्या खळग्या उथळ होत्या, तरी त्यांपैकी एकीतून पुढे बारीक तडा फुटला. तडा दिसताच भिंतीवरचा खटका बंद करावा, प्लग काढावा आणि शेगडी पुन्हा लावू नये, मग तडा केसाएवढा का असेना. कारण त्यातून झिरपलेले पाणी खालच्या तारेपर्यंत पोचले तर धक्का बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. आम्ही काच बदलून घेतली. जुनी काच भंगारात देताना ती बाटल्या-बरण्यांच्या काचेत मिसळू देऊ नये: साध्या काचेच्या भट्टीत ती वितळत नाही, तिचे खडे नव्या काचेत तसेच राहतात आणि तेथून त्या बाटल्या तडकतात. आम्ही तिला जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून, वेगळी दिली.