आपली वही, आपला हिशोब

बारामती तालुक्यातले सुपे आपल्या निमगाव केतकीच्या मंडळींना ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी तिथे शेतकरी चिडून उठले. त्यांनी सावकारांकडचे कर्जाचे कागद जाळले. घेतले किती, फेडले किती, हे सारे सावकाराच्या वहीत. बहुतेक शेतकऱ्यांना वाचता येत नव्हते. कागदावर अंगठा मात्र त्यांचा!

आता तुम्हाला वाचता येते. मग आपली वही आपणच लिहू या.

डाव्या पानावर जमा लिहा. पानमळ्याचे पैसे, दुधाचे पैसे, मजुरी. उजव्या पानावर खर्च लिहा. किराणा, औषध, चहा, तंबाखूसुद्धा. लाजायचे कशाला? रोज रात्री नवरा-बायकोने मिळून लिहावे.

आता एक हिशोब करा. १०,००० रुपये कर्ज काढले. व्याज महिना शेकडा ३ रुपये. वर्षाचे व्याजच झाले ३,६०० रुपये! मुद्दल तसेच.

रोज १० रुपये बाजूला टाकले, तर वर्षाचे ३,६५० होतात. हे १० रुपये कुठून काढायचे? उजवे पान वाचा. तेच सांगेल.

वही लिहिल्याने कर्ज एका दिवसात फिटत नाही. पण पैसा जातो कुठे, ते कळते. मग रात्री झोप लागते.