थापटणे आणि मडके

बाजारात मडके घ्यायला गेलेली बाई काय करते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मडके एका हातावर तोलून धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारायची. खणखणीत वाजले तर पक्के. बद्द आवाज आला तर कच्चे, नाहीतर कुठेतरी तडा गेलेले. वरच्या रंगावर आणि गोलाईवर शहाणी बाई भुलत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मडक्याला स्वतःची टिचकी स्वतःला मारता येत नाही. त्याची परीक्षा दुसऱ्याच्याच हातून व्हायची.

माणसाचेही असेच आहे. आम्ही किती वर्षे वारी केली, किती पारायणे केली, हे आम्हांला तोंडपाठ असते. पण आमचा आवाज खणखणीत येतो की बद्द, हे आम्हांला ऐकू येत नाही. ते शेजारच्याला ऐकू येते.

गोरोबाकाकांनी घेतलेली संतांची परीक्षा वारकऱ्याला नवी नाही. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहिले आणि हे काय म्हणून काकांना विचारले. थापटणे म्हणजे कुंभाराचे लाकडी हत्यार. ओल्या मडक्याला आतून आधार द्यायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकून आकार आणायचा. मग याने आमच्यातले कच्चे कोण, पक्के कोण, तेही सांगा, असे मुक्ताबाई म्हणाल्या. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. सारे संत स्वस्थ बसून राहिले. नामदेवरायांना मात्र ते सोसले नाही. तेव्हा काका म्हणाले, हे मडके कच्चे.

आता बारकाईने पाहा. थापटणे सगळ्यांनाच लागले होते. नामदेवांना काही जास्त जोराने मारले असे कथा सांगत नाही. म्हणजे कच्चेपणा त्या मारात नव्हता, मार लागल्यावर आत जे उसळले त्यात होता. दोष दाखवणारा काय बोलला, यापेक्षा ते ऐकताच आपल्या पोटात काय झाले, हे आधी तपासावे. आत्मपरीक्षणाची पहिली खूण हीच.

पुढची गोष्टही तितकीच मोलाची आहे. नामदेव रुसून पंढरीला आले आणि विठोबापाशी गाऱ्हाणे घातले. देव आपलाच, तो आपली बाजू घेईल असे त्यांना वाटले. पण देवाने काकांचेच म्हणणे खरे केले आणि औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवले. आपणही दुखावलो की कुणाकडे तरी धाव घेतो. पण कुणाकडे? बहुधा जो ‘तुमचं काही चुकलं नाही हो’ म्हणेल त्याच्याकडे. खरा जिवलग तो, जो आपले सांत्वन करताना खरे बोलायला कचरत नाही.

औंढ्याला नामदेवांनी काय पाहिले? विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव त्यांना म्हणाले, पाय काढा. स्वतःचा दोष ऐकायला जड गेला, दुसऱ्याचा दाखवायला वेळ लागला नाही! विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव. पाय नेऊन ठेवावेत तिथे पिंड दिसू लागली, आणि नामदेवांचे डोळे उघडले.

आता आमचेच सांगतो. एका वारीत मुक्कामाच्या गावी आम्ही कीर्तनाला उभे होतो. विषय होता नम्रता. एका कोवळ्या टाळकऱ्याचा ठेका चुकला. आम्ही कीर्तन थांबवून भर मंडळीत त्याला बोललो. लोक हसले, कीर्तन रंगले, आरती झाली, लोक आमच्या पाया पडले. रात्री भांडी घासणारी एक म्हातारी माउली जवळ येऊन म्हणाली, “महाराज, राग न्हाई ना येणार? ते पोरगं अजून जेवलं न्हाई. कीर्तनापासनं तसंच बसलंय.”

आम्हांला राग आला. हिला कीर्तनातले काय कळते, हाच पहिला विचार मनात आला. झोप मात्र लागली नाही. पहाटे त्या मुलाला शोधू लागलो, तर तो पहिल्या गाडीने घरी गेल्याचे कळले. पुढे त्या दिंडीत तो आम्हांला कधी दिसला नाही. कुणाची वारी आमच्यामुळे अर्धी राहिली, हे आमच्या नावावर आहे. म्हातारीने एका वाक्यात आम्हांला वाजवून पाहिले, आणि आवाज बद्द आला. तिचे रात्रीच ऐकले असते, तर पोर जेवले असते.

मग काय, कुणीही काहीही बोलावे आणि आपण ते खरे मानावे? नाही. निंदेत फोलही पुष्कळ असते. धान्य सुपात घेऊन पाखडतो, तसे ते पाखडावे. सांगणाऱ्याला त्यातून काही मिळवायचे आहे का? तीच गोष्ट आणखी कुणी, वेगळ्या वेळी बोलले आहे का? आणि ते ऐकून आपण इतके का चिडलो? एवढे पाखडून जो दाणा उरेल, तो आपला.

आणखी एक. थापटणे हाती घ्यायची हौस आपल्याला फार. काकांचा अधिकार काकांपाशी. आपण दुसऱ्याला सांगायचे तर त्या म्हातारीसारखे सांगावे, एकटे गाठून, हळू आवाजात आणि कळवळ्याने.

आमची विनंती एवढीच. दर एकादशीला घरातल्या किंवा दिंडीतल्या एका माणसाला विचारावे, “गेल्या पंधरवड्यात माझं काय खटकलं?” पत्नीला विचारावे, धाकट्या भावाला, सुनेला विचारावे. उत्तर मिळाले की आपली बाजू मांडू नये. त्या दिवशी नुसते ऐकावे. रात्री हरिपाठ झाल्यावर ते मनात घोळवावे आणि द्वादशीला एक तरी गोष्ट सुधारून मग पारणे सोडावे.

कच्चे ठरलेले तेच नामदेवराय पुढे पंजाबपर्यंत भक्तीची ध्वजा घेऊन गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. आणि पंढरपुरात महाद्वारी ते पायरी होऊन राहिले आहेत. ज्यांना एकदा थापटण्याचा मार सोसला नाही, त्यांनी लाखो भक्तांच्या पायांची धूळ आपल्या माथ्यावर मागून घेतली. येत्या वारीत त्या पायरीवर डोके टेकवाल, तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारा, आम्हांला शेवटची टिचकी कुणी मारली होती, आणि आम्ही वाजलो कसे?