कुत्र्याचा मूत्रमार्ग

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारचा मोती एके दिवशीं सकाळपासून भिंतीपाशीं पाय उचलून उभा राही. थेंब दोन थेंब पडत, आणि पुन्हां तोच उद्योग. पाहणारीं मुलें हसत. आम्हीहि हसलों, हें येथें कबूल केलें पाहिजे. शास्त्र शिकवीत असूनहि त्याचा अर्थ सायंकाळपर्यंत आमच्या ध्यानीं आला नाहीं.

दोन मूत्रपिंडांपासून निघालेल्या दोन नलिका मूत्राशयाच्या भिंतींतून तिरप्या आंत शिरतात. त्यामुळें मूत्राशय भरला कीं त्या दाबल्या जातात व मूत्र सहसा माघारीं फिरत नाहीं. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. तिच्या मानेपासून मूत्रमार्ग सुरू होतो, आणि नर व मादी यांतील खरा भेद येथून पुढें आहे.

मादीचा मार्ग आंखूड व रुंद असल्यानें बारीक खडे बाहेर पडून जातात. मात्र जंतूंसहि आंत शिरणें तितकेंच सोपें. नराचा मार्ग लांब. तो प्रथम पुरःस्थ ग्रंथीच्या मधून जातो, मागें येऊन खालीं वळतो, आणि शेवटीं इंद्रियांतील एका लहान हाडाच्या खोबणींतून पुढें जातो. असें हाड मनुष्यास नसतें. इतरत्र ही मऊ नळी ताणूं शकते. खोबणींत तिला पसरावयास जागाच नाहीं. म्हणून खडा बहुधा या हाडाच्या मागेंच अडकतो. (डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांच्या मूत्रांत यूरिक आम्ल फार असतें, त्यामुळें त्यांना विशिष्ट प्रकारचे खडे अधिक होतात.)

मार्ग पूर्ण बंद झाल्यास रक्तांत विषारी द्रव्यें व पोटॅशियम सांचतें, आणि थोड्याच दिवसांत हृदय बंद पडूं शकतें. थेंब पडतात म्हणून वाट मोकळी आहे असें समजूं नये. पोट दाबून मूत्र काढण्याचा प्रयत्नहि करूं नये. ताणलेला मूत्राशय फुटण्याचें भय असतें.

मोतीला त्याच रात्रीं पशुवैद्याकडे नेलें. त्यांनीं नळी घालून, खारट पाण्याच्या दाबानें खडा मागें मूत्राशयांत लोटला व दुसरे दिवशीं शस्त्रक्रियेनें काढला. तो हरभऱ्याएवढाहि नव्हता. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांत एका बाटलींत तो ठेवला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं अवश्य मागावा.