पार्टुलाची हकीकत

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतल्या गाठीच्या माणसाला लावतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती शब्दश: खरी आहे. गोगलगायीला निराळे पाय नसतात. पोटाचा स्नायुमय तळवा हाच तिचा पाय. म्हणूनच ज्या वर्गात तिची गणना होते, त्याला शास्त्रज्ञांनी ‘उदरपाद’ असे नाव दिले आहे. या वर्गातील पार्टुला नावाच्या प्रजातीची हकीकत आज आपल्याला वाचावयाची आहे.

पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागात ताहिती, मूरेआ, रायातेआ इत्यादी बेटांचा एक समूह आहे. त्याला सोसायटी बेटे म्हणतात. ज्वालामुखींच्या उद्रेकांतून ही बेटे समुद्राच्या तळापासून वर आली. बेटाच्या मध्यभागी उंच शिखरे, त्यांच्या अंगाखांद्यांवरून चहूकडे समुद्राकडे उतरत गेलेल्या खोल दऱ्या आणि दऱ्यांमध्ये सदैव ओलेचिंब असलेले दाट रान, अशी त्यांची ठेवण आहे. पार्टुलाच्या पन्नासांहून अधिक जाती एकट्या या बेटसमूहात होत्या.

पार्टुलाचा शंख जेमतेम बोटाच्या पेराएवढा. कोठे तो पिवळसर, कोठे तपकिरी, कोठे पांढरा, तर कोठे त्यावर गडद पट्टे. दिवसा ती झाडाच्या पानाच्या खालच्या बाजूस चिकटून स्वस्थ असते. रात्र पडली किंवा पाऊस आला, म्हणजे ती बाहेर पडते आणि पानांवरचे शेवाळ व कुजका पाला खरवडून खाते. हिरव्या पिकाला तिचा उपद्रव होत नाही. बेटांवरील स्त्रिया तिचे रिकामे शंख ओवून सुंदर माळा करीत.

या गोगलगायीचा एक विशेष ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडेल. बहुतेक गोगलगायी अंडी घालतात. पार्टुला पिलाला जन्म देते. एका वेळी एकच पिलू, तेही इवल्याशा शंखासह. प्राचीन रोमन लोकांची पार्टुला नावाची एक प्रसूतीची देवता होती. तिच्यावरून फेरुसाक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२१ साली या प्रजातीस हे नाव दिले.

१९०६ साली हेन्री क्रॅम्प्टन हा अमेरिकन प्राध्यापक ताहितीला आला. एकेक दरी पायांखाली घालून त्याने हजारो शंख गोळा केले. त्यांची लांबी, रुंदी, रंग आणि वळण यांची नोंद केली. हे काम त्याने वर्षानुवर्षे चालविले. ताहितीविषयीचा त्याचा ग्रंथ १९१६ साली व मूरेआविषयीचा १९३२ साली प्रसिद्ध झाला. अशा चिकाटीच्या माणसाला लोक वेडा म्हणतात. पण शास्त्राचे पाऊल बहुधा अशाच वेडाने पुढे पडते. क्रॅम्प्टनला आढळले, की एका दरीतील गोगलगायी शेजारच्या दरीतील गोगलगायींहून वेगळ्या आहेत. दोन्ही दऱ्यांत पाऊस सारखा, झाडेही बहुतेक तीच; मग हा भेद का पडावा? मधला डोंगर ओलांडणे गोगलगायीला सहसा जमत नाही. त्यामुळे प्रत्येक दरीतील कुळे परस्परांपासून तुटली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या वाटेने बदलत गेली. एका जातीतून दुसरी जाती कशी उपजते, हे येथे डोळ्यांनी पाहता येत होते.

वळणाची गोष्ट तर फारच नवलाची आहे. आपल्याकडे दक्षिणावर्ती शंख दुर्मिळ म्हणून देवघरात जपतात, हे तुम्ही ऐकले असेल. तेथेही प्रश्न वळणाचाच असतो. मूरेआवरील पार्टुला सुतुरालिस या जातीचे शंख काही भागांत डावीकडे, तर काही भागांत उजवीकडे वळलेले असत. डाव्या वळणाच्या दुसऱ्या जाती जेथे तिच्या शेजारी राहत, तेथे ही नेमकी उजव्या वळणाची असे. दोन भिन्न वळणांच्या गोगलगायींचे मीलन सहसा जमत नाही. त्यामुळे जातींची सरमिसळ टळे. क्रॅम्प्टनच्या मागून ब्रायन क्लार्क, जेम्स मरे व मायकेल जॉन्सन हे शास्त्रज्ञ मूरेआवर अशा कोड्यांचा अभ्यास करीत होते. तो पुरा होण्यापूर्वीच संकट ओढवले.

१९६७ साली ताहितीत आफ्रिकेतील मोठी गोगलगाय आणण्यात आली. ती खाण्यासाठी पाळावी, असा हेतू होता. ही गोगलगाय आपल्यालाही परकी नाही. १८४७ साली ती कलकत्त्यास आणली गेली आणि तेथून देशात पसरली. महाराष्ट्रात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायींना पकडण्यासाठी शेतकरी गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे बांधावर टाकतात, ते खेड्यांतील मुलांना ठाऊक असेलच. ती एका खेपेस शंभर-दोनशे अंडी घालते. ताहितीतही ती पाळलेल्या जागेतून निसटली आणि तिने बागा व मळे यांत धुमाकूळ घातला.

यावर तोड म्हणून १९७४ साली तेथील अधिकाऱ्यांनी अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतातून दुसरी एक गोगलगाय आणविली. तिचे नाव युग्लँडिना. हिला लांडगी गोगलगाय असेही म्हणतात, कारण ही गोगलगायच गोगलगायींची शिकार करते. चिकट स्रावाचा माग लागला, की तिच्या तोंडाजवळील लांब ओठ तो हुंगतात आणि ती इतर गोगलगायींहून अधिक वेगाने त्या मागावरून जाते. सावज लहान असेल, तर ती ते शंखासकट गिळते. १९७७ साली तिला मूरेआवरही सोडण्यात आले.

येथे एक साधा प्रश्न विचारावयास हवा होता. वीतभर वाढणारी आफ्रिकन गोगलगाय आणि पेराएवढी पार्टुला समोर आल्या, तर शिकारी कोणाला आधी खाईल? उत्तर शाळकरी मुलानेही दिले असते. लांडगीने मोठ्या गोगलगायीस आवर घातला, याचा भक्कम पुरावा कधी मिळाला नाही. ती रानात शिरली आणि वर्षाकाठी सुमारे एक किलोमीटर या वेगाने पुढे सरकत गेली. जेथे ती पोहोचली, तेथील पार्टुला नाहीशी झाली. एकेक पिलू देणाऱ्या प्राण्याने ही हानी कशी भरून काढावी? १९८७ पर्यंत मूरेआवरील रानात पार्टुलाची एकही जाती उरली नाही. पुढे रायातेआचीही तीच गत झाली. माळांसाठी शंखही मिळेनासे झाले.

हा विनाश डोळ्यांसमोर दिसत असताना शास्त्रज्ञांनी काही गोगलगायी डब्यांत घालून परदेशी नेल्या. निरनिराळ्या देशांतील प्राणिसंग्रहालयांनी त्या वाटून घेतल्या. ओटचे पीठ, वाळक्या गवताची भुकटी आणि शंखाला चुना मिळावा म्हणून समुद्रफेण, असा त्यांचा आहार ठरला. तरीही सगळ्या जाती जगल्या नाहीत. रायातेआवरील पार्टुला टर्जिडा या जातीची जगातील अखेरची गोगलगाय १९९६ च्या जानेवारीत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेली. एखाद्या जातीचा शेवट नेमक्या कोणत्या महिन्यात झाला, हे सांगता येण्याचे प्रसंग फार थोडे.

ताहितीच्या दऱ्यांत मात्र पार्टुला हायलिना ही पांढऱ्या शंखाची जाती टिकून राहिली. ती कशी वाचली असावी? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तांदळाच्या दाण्याएवढे संगणक ताहितीत नेले. काही संगणक लांडगी गोगलगायींच्या शंखांवर चिकटविले आणि पार्टुला ज्या पानांवर विसावते, तेथेही काही लावले. कोणावर किती ऊन पडते, हे त्यांना मोजावयाचे होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून असे दिसले, की रानाच्या कडेला राहणारी पांढरी पार्टुला लांडगीहून कितीतरी अधिक ऊन सोसते. पांढरा शंख ऊन परतवितो. लांडगीला ते ऊन सोसत नाही. म्हणून ती तेथे फार वेळ राहू शकत नाही. ज्या शुभ्र रंगाने तिला लपता येत नाही, त्यानेच तिचे रक्षण केले.

२०१५ पासून प्राणिसंग्रहालयांत वाढविलेल्या पार्टुला पुन्हा आपल्या बेटांवर सोडण्यात येत आहेत. सोडण्यापूर्वी प्रत्येकीच्या शंखावर तांबड्या रंगाचा ठिपका देतात. विशिष्ट दिव्याच्या उजेडात तो रात्री चमकतो, म्हणजे ती अंधारातही ओळखू येते. २०२४ साली मूरेआवर पार्टुला तोहिवेआना या जातीच्या काही पूर्ण वाढलेल्या गोगलगायी सापडल्या. त्यांच्या शंखांवर ठिपका नव्हता. त्या रानातच जन्मल्या होत्या. त्यावरून ‘रानातून नष्ट’ ही त्या जातीची नोंद बदलून ‘अतिसंकटग्रस्त’ अशी करण्यात आली. लांडगी गोगलगाय अजून बेटावर आहेच.