गुण हेरावा, मग काम सोपवावे
(अभ्यासलेख)



शिक्षणामुळे आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज नोकरी-व्यवसायात स्थिरावली आहेत. कोणी मुख्याध्यापक आहे, कोणी शाखाधिकारी, कोणी कारखान्यात सुपरवायझर, तर कोणी चार माणसे हाताशी घेऊन स्वतःचे दुकान चालवितो. ज्यांच्या वाडवडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याचा हुकूम झेलला, त्यांच्याच हाताखाली आज माणसे आली आहेत. काम कसे करावे हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने शिकविले. काम कसे घ्यावे हे मात्र आपल्याला कोणी शिकविले नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात विचार करावयाचा आहे.

जुना रोग

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एक मूलगामी मुद्दा मांडला. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, तर ती श्रमिकांचीच विभागणी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. कोणी कोणते काम करायचे हे त्याची आवड वा कुवत पाहून ठरत नसे. ते आईबापांच्या दर्जावरून, तो जन्माला येण्यापूर्वीच ठरलेले असे. जेथे माणसाचे मन आणि बुद्धी कामात नाही, तेथे काम चांगले होणार तरी कसे, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे ही व्यवस्था अन्यायाची तर होतीच, पण आर्थिकदृष्ट्याही ती घातक होती. गुण न पाहता काम देणे हा आपल्या देशाचा जुना रोग आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

सिगालाला दिलेला धडा

‘दीघनिकाया’त सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहातील सिगाल नावाचा तरुण सकाळी सहा दिशांना नमस्कार करीत असे. भगवान बुद्धांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. आईवडील, गुरू, पत्नी, मित्र, श्रमण आणि सेवक-कामगार या सहा दिशा होत. त्यांच्याशी नीट वागणे हीच दिशांची पूजा. सेवकांविषयी मालकाची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत :

१. ज्याच्या त्याच्या बळाप्रमाणे काम वाटून देणे.
२. अन्न व वेतन देणे.
३. आजारपणात काळजी घेणे.
४. काही विशेष गोड-धोड मिळाले, तर त्यात वाटा देणे.
५. योग्य वेळी सुट्टी देणे.

ही पाच कर्तव्ये पाळली गेली, की सेवकही पाच प्रकारे प्रतिसाद देतो. तो मालकाच्या आधी उठतो, नंतर झोपतो, दिले तेवढेच घेतो, काम चोख करतो आणि मालकाचे नाव चांगले राखतो. येथील क्रम विचार करण्यासारखा आहे. आधी मालकाचे कर्तव्य आणि मग सेवकाची निष्ठा. आपण बहुधा उलटे करतो. आधी निष्ठा मागतो, ती मिळाली तर पुढचे पाहू म्हणतो.

दुसरेही एक लक्षात घ्यावे. पहिले कर्तव्य गुणांचे असले, तरी लगेच त्यामागे वेतन, आजारपण आणि सुट्टी आहे. पगार थकवून पाठ थोपटणे ही फसवणूक होय. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळातील १९४६ च्या फॅक्टरी कायदा दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती मिळालेल्या माणसाकडूनच मन लावून काम होते.

बळ जन्मावरून ओळखू नये

‘बळाप्रमाणे काम’ हे तत्त्व फार जपून वापरावे लागते. सफाई कामगाराच्या मुलाला कार्यालयात झाडू द्यायचा, बाई कर्मचारी असली की चहाचे तिच्याकडे सोपवायचे, आणि वर ‘हे यालाच चांगले जमते’ म्हणायचे, हे बळ ओळखणे नव्हे. तो जुनाच वर्ण, फक्त नवा कोट घातलेला.

संघातील उदाहरण पाहा. उपाली हा शाक्यांचा न्हावी. त्याला शाक्य कुमारांच्या आधी दीक्षा दिली गेली. पुढे विनयाच्या ज्ञानात तो सर्वश्रेष्ठ ठरला, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न महाकस्सपांनी त्यालाच विचारले. धम्माचे प्रश्न आनंदाला विचारले, कारण सर्वाधिक ऐकून स्मरणात ठेवणारा तोच होता. दब्ब मल्लपुत्ताकडे भिक्खूंच्या निवासाची व्यवस्था होती. तो सुत्तांचा अभ्यास करणाऱ्यांना एकत्र, विनयाच्या अभ्यासकांना एकत्र आणि ध्यान करणाऱ्यांना एकत्र जागा देई, म्हणजे एकाचे पठण दुसऱ्याच्या ध्यानात व्यत्यय आणत नसे. उत्तम व्यवस्थापक याहून वेगळे काय करतो?

आपल्या पैठणचाही येथे संबंध येतो. ‘सुत्तनिपाता’त पतिट्ठान म्हणून आपल्या गावाचा उल्लेख आहे. गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य याच मार्गाने बुद्धांच्या भेटीस गेले. सोळाही जणांनी आपापला प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सोळा जणांना मिळून एकच उपदेश करून बोळवण केली नाही. हाताखाली सोळा माणसे असोत की सहा, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो.

मागावरचा धडा

याच गावातील पैठणी पाहा. या वस्त्राला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. पारंपरिक पैठणीच्या पदरावरील मोर, पोपट, कमळ हे यंत्राने उमटत नाहीत. विणकर ताण्याचे धागे मोजून, रंगारंगाच्या लहान कांड्या हाताने फिरवून आणि एका रंगाचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवून नक्षी उभी करतो. अंगाची साधी वीण झपाट्याने पुढे सरकते, पदर मात्र बोटाबोटाने वाढतो. अशा ठिकाणी मागे उभे राहून ‘लवकर आटप’ म्हणणारा मुकादम काय साधेल? धागा चुकेल आणि मोराची मान वाकडी होईल. दोन्ही कामे एकाच मापाने, नुसत्या इंचांवर मोजली, तर बारकाईने विणणाराच तोट्यात जाईल. ज्याची नजर रंगाला तयार आहे त्याला पदर द्यावा, ज्याचा हात एकसारखा चालतो त्याला अंग द्यावे, आणि दोघांच्या कामाचे मोल त्या त्या कामाच्या मापाने करावे.

आजचे शास्त्र काय सांगते?

अमेरिकेतील अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माणूस कामात जीव केव्हा ओततो आणि अंग केव्हा काढून घेतो, हा त्यांचा विषय होता. त्यांना तीन गोष्टी महत्त्वाच्या आढळल्या : कामात अर्थ वाटणे, मनातले बोलण्याची भीती नसणे आणि कामासाठी अंगात व मनात शक्ती शिल्लक असणे. सिगालाला दिलेल्या धड्याशी हे ताडून पाहावे. बळाप्रमाणे दिलेल्या कामात अर्थ वाटतो. वेतन, शुश्रूषा आणि सुट्टी यांनी शक्ती टिकते. गोड-धोडात वाटा मिळाला की आपण परके नाही अशी खात्री पटते, आणि भीती गळते.

व्यवहारात काय करावे?

१. नवीन माणूस आला की त्याला दोन-तीन प्रकारची कामे देऊन पाहावे. आडनाव, गाव वा पोशाख यांवरून मत बनवू नये.
२. ‘तुम्हाला कोणते काम करताना वेळ कळत नाही?’ हे एकदा तरी विचारावे.
३. काय अपेक्षित आहे ते स्पष्ट सांगावे व त्यासाठी लागणारे साहित्य द्यावे.
४. चांगले काम चारचौघांत सांगावे, चूक एकांतात दाखवावी.
५. कोणालाच नको असलेले काम पाळीपाळीने सर्वांना द्यावे. त्या पाळीत स्वतःचेही नाव घालावे.
६. आज नसलेला गुण उद्या येऊ शकतो, म्हणून शिकण्याची संधी बंद करू नये.

मित्रांनो, आपल्यातला एखादा साहेब झाला की गावाला आनंद होतो. पण त्याच्या हाताखालच्या शिपायाला काय वाटते, ही त्याची खरी परीक्षा आहे. आपले बळ कोणी पाहिले नाही, याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक? तेव्हा खुर्चीवर बसल्यावर दुसऱ्याचे बळ पाहण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतील फरक स्वतःच्या गावातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. सिगालोवाद सुत्तातील पाच कर्तव्यांपैकी तुमच्या कामाच्या ठिकाणी कोणती पाळली जातात?
३. तुमच्यातील कोणता गुण इतरांच्या उशिरा लक्षात आला? तो कोणी आणि कसा ओळखला?