ट्रॉलीच्या सांगाड्याचा गंज : रंग लावण्यापूर्वी काय पाहावे?



या अंकातील पाठ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीविषयी आहे. पाड्यावरची ट्रॉली गटाची असो वा एखाद्या शेतकऱ्याची, ती सगळ्यांच्याच उपयोगाला येते. भाताचे भारे, शेणखत, रेती, विटा, मांडवाचे सामान हे सारे तिच्यातूनच जाते. ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे, माणसे वाहण्यासाठी नाही, हे आपल्याला माहीत असते. तरीही दुसरे वाहन मिळत नाही तेव्हा मजूर बाया आणि शाळेची मुले तिच्यातच बसतात. म्हणून तिचा सांगाडा सडला, तर प्रश्न नुसत्या लोखंडाचा राहत नाही.

आमच्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी नवापूर तालुक्यातील एका शेतकरी गटाने मे महिन्यात आपली जुनी ट्रॉली रंगवायला काढली. रंगाच्या खर्चाला मीच होकार दिला होता. मुलांनी वरवर ब्रश फिरवला, गंजावरच निळा ऑइल पेंट लावला आणि मागच्या फाळक्यावर गटाचे नाव लिहिले. ट्रॉली नव्यासारखी दिसू लागली आणि आम्ही सगळे खूश झालो.

पावसाळा संपला, भाताची कापणी झाली. भारे भरलेली तीच ट्रॉली नाल्याचा चढ चढत असताना पुढची दांडी चासीला जिथे जोडलेली असते तिथून तुटली. ट्रॉली मागे घसरली आणि काठावर कलंडली. भाऱ्यांवर बसलेल्या चार बाया चढ लागला म्हणून नुकत्याच उतरून पायी चालत होत्या. कोणालाही इजा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्या मिस्त्रीने पेचकसाने रंगाची खपली उचलली. तिच्याबरोबर लोखंडाचाही पापुद्रा निघाला. तो म्हणाला, "भाऊ, रंग चांगला लावला तुम्ही. पण खाली लोखंड राहिलं होतं कुठं?" त्या प्रश्नातून मी जे शिकलो, ते या पाठात मांडत आहे. रंग म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी गंज काढावा, मग लोखंड किती शिल्लक आहे ते पाहावे आणि रंग शेवटी लावावा.

गंज का चढतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तीन एकत्र आली की गंज तयार होतो. यांपैकी पाणी तेवढे आपल्या हातात आहे. कोरड्या लोखंडावर गंज फारसा पुढे सरकत नाही. ओल टिकून राहते तिथे तो आत आत जातो.

गव्हावरचा तांबेरा आपण ओळखतो. तो जिवंत बुरशीचा रोग आहे, वाऱ्याने शेतभर पसरतो. लोखंडाचा गंज जिवंत नसतो. पण त्याचा थर सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून एकदा धरलेली जागा वाढतच जाते. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. त्यामुळे तो वरचा रंग फुगवतो आणि एकमेकांवर बसवलेल्या दोन पट्ट्यांना फाकवतो. रंगाला फोड आलेला दिसला, तर त्याखाली काम सुरू झालेले आहे असे समजावे.

क्षार असले की गंजाचा वेग वाढतो. शेणखत आणि जनावरांचे मूत्र यांत क्षार असतात. रासायनिक खतांतही असतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे तर क्लोराइडच आहे, म्हणजे मिठाच्याच जातीचे. हे क्षार हवेतील ओल ओढून घेतात. म्हणून खत वाहून न धुतलेली ट्रॉली पाऊस नसतानाही गंजते.

तपासणी कशी करावी?

ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडून सपाट, कडक जमिनीवर उभी करा. चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. भक्कम लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. हायड्रॉलिक ट्रॉलीचा हौद उचलून काम करायचे असेल, तर आधी हौद रिकामा करा आणि त्याला पक्का टेकू लावल्याशिवाय खाली डोकेसुद्धा घालू नका. ऑइलचा पाइप फुटला तर हौद क्षणात खाली येतो.

नंतर पाणी आणि धुण्याच्या सोड्याने सांगाडा धुवा. आधी धुतले नाही, तर ग्रीस आणि तेल ब्रशने सगळीकडे पसरते आणि पुढे रंग धरत नाही. वाळल्यावर या जागा नीट पाहा :

१. दांडी आणि चासी यांचा जोड, तसेच हुकाची व पिनची जागा. सर्वांत जास्त ओढ इथेच बसते.
२. पाटे जिथे चासीला बसवलेले असतात ते ब्रॅकेट.
३. हौदाचा पत्रा आणि खालचे आडवे चॅनेल यांमधली फट.
४. चॅनेलच्या आतला कोपरा, जिथे चिखल साचतो.
५. पोकळ चौकोनी पाइप. तो बाहेरून चांगला दिसतो आणि आतून सडतो.

लहान हातोडीने हळूहळू ठोकत जा. चांगले लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द वाजते. संशय आला तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहा. टोक आत गेले तर तिथे लोखंड उरलेले नाही. व्हर्नियर मिळाल्यास गंजलेल्या जागेची जाडी चांगल्या जागेशी ताडून पाहा. आमच्याकडचा अंदाज असा : पाव भाग झिजला असेल तर तो तुकडा बदलण्याविषयी मिस्त्रीशी बोलावे. दांडीच्या बाबतीत पावाचीही वाट पाहू नये.

वेल्डजवळ केसासारखी बारीक रेघ दिसली आणि तिच्यातून तांबूस पाणी ओघळल्याची खूण असली, तर ती बहुधा चीर असते. ती दुरुस्त होईपर्यंत ट्रॉली उभीच ठेवा. "एवढी एक खेप मारू" असे म्हणू नका.

गंज काढणे

तारेचा ब्रश, खरवडणी आणि पॉलिश पेपर एवढ्यावर बरेच काम होते. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला तर काम लवकर उरकते, पण त्याच्या तारा सुटून उडतात. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्या देशात २०१७ पासून रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण ती घरगुती व सजावटीच्या रंगांना लागू आहे. ट्रॉलीच्या जुन्या रंगाविषयी अशी खात्री देता येत नाही. म्हणून खरवडताना मुलांना दूर ठेवा, पडलेला चुरा गोळा करा आणि तो शेतात, विहिरीजवळ किंवा कोंबड्या चरतात तिथे टाकू नका.

सुटा गंज पूर्ण निघाला पाहिजे. खड्ड्यांत घट्ट बसलेला थोडा गंज उरतोच. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण मिळते. ते हातमोजे घालून, डब्यावरील सूचनेप्रमाणे लावावे. त्याने गंजाचे फॉस्फेटच्या पातळ, चिकटून बसणाऱ्या थरात रूपांतर होते. दिल्लीला कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात स्फुरद जास्त असून त्यामुळे त्यावर असाच संरक्षक थर तयार झाला, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. मात्र हे द्रावण सडलेल्या लोखंडाला पुन्हा ताकद देत नाही.

वेल्डिंग करताना

हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. पण काय बरोबर आणि काय चूक हे गटालाही माहीत असावे.

चिरेवर नुसता वेल्डचा थर चढवू नये. चिरेचे टोक शोधून तिथे लहान भोक पाडतात, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चीर ग्राइंडरने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल करून ती तळापासून भरतात. सडलेला भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापून काढावा. पातळ, सडक्या कडेला केलेला वेल्ड टिकत नाही. आधाराची पट्टी लावायची तर ती लांब असावी आणि तिची टोके निमुळती किंवा गोल असावीत. चौकोनी पट्टी चॅनेलवर आडवी जोडली, तर पुढची चीर तिच्याच कडेला पडते.

वेल्डिंग मशीनचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. तो लांब लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन त्याला खड्डे पाडू शकतो. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली नसावी. टायर जवळ असेल तर चाक काढून घ्या, कारण उष्णतेने टायर फुटतो. बंद पोकळ पाइपमध्ये पाणी असू शकते. वेल्डिंगआधी त्याला भोक पाडले नाही, तर आतली वाफ पाइप फोडू शकते. हौदातला पेंढा झाडून काढा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.

रंग लावण्याचा क्रम

उघडे झालेले लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस पडते. म्हणून जेवढे साफ होईल, तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर लावा. दव वाळल्यावर सुरुवात करा आणि संध्याकाळची ओल उतरण्याआधी काम थांबवा. एप्रिल-मे महिना यासाठी चांगला.

कडा, वेल्ड, बोल्ट आणि कोपरे यांवर प्रथम लहान ब्रशने एक हात मारा. धारेवर रंग आपोआप पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. नंतर सर्व सांगाड्याला रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. पुष्कळजण इथेच थांबतात. रेड ऑक्साइड हा पाया आहे. एकट्या त्यातून पाणी झिरपते. तो पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. पैसे थोडे असतील तर हौदाच्या बाहेरून दिसणाऱ्या बाजू राहू द्या, पण दांडी आणि खालचा सांगाडा पूर्ण करा.

गावोगावी ट्रॉलीच्या तळाला जळके ऑइल फासतात. त्याने थोडे दिवस पाणी अडते हे खरे. पण त्यावर धूळ आणि चिखल चिकटतो, पावसात ते शेतात व नाल्यात उतरते, हाताच्या कातडीला ते घातक असते आणि पुढे त्या जागी रंग धरत नाही. त्यापेक्षा हुक, पिन आणि बोल्ट यांना नवे ग्रीस लावा.

पुन्हा गंज चढू नये म्हणून

- खत, शेण किंवा ऊस वाहिल्यावर त्याच दिवशी ट्रॉली धुवा. तळाच्या चॅनेलमधला चिखल काठीने काढा.
- ओला पेंढा किंवा गोण्या हौदात ठेवू नका.
- ट्रॉली उभी करताना पुढची बाजू थोडी उंच ठेवा आणि मागचा फाळका उघडा ठेवा, म्हणजे पाणी वाहून जाईल. दांडी मातीत टेकवू नका, ती दगडावर ठेवा.
- पोकळ पाइपात पाणी साचत असेल तर मिस्त्रीला विचारून, वेल्डपासून दूर, सर्वांत खालच्या जागी लहान भोक पाडा. त्या भोकाच्या कडेलाही रंग लावा आणि ते चिखलाने बुजू देऊ नका.
- ओरखडा पडला की त्याच आठवड्यात घासून प्रायमर लावा.
- वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि कापणीआधी, हातोडी व पेचकस घेऊन तपासणी करा. तारीख आणि काय आढळले ते गटाच्या वहीत लिहा.

आमच्या त्या गटाने पुढे दांडी आणि पुढचे आडवे चॅनेल नवे घातले. यंदा रंगाला पैसे कमी पडले, म्हणून हौदाची एक बाजू अजून तशीच तांबूस आहे. ती पाहून लोक हसतात. पण तपासणीची वही नीट भरलेली आहे आणि खालचा सांगाडा हातोडीखाली खणखणीत वाजतो.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पाड्यावरील ट्रॉलीची दांडी शेवटची कोणी आणि केव्हा तपासली?
२. खत वाहिल्यानंतर ट्रॉली धुण्याची जबाबदारी कोणाची? मालकाची, चालकाची की ज्याचे खत आले त्याची?
३. दांडीला चीर सापडली आणि कापणी ऐन भरात असली, तर ट्रॉली थांबवण्याचा निर्णय कोण घेईल? हे आजच ठरवून वहीत लिहा.