प्लास्टर निघालं, आजार तसाच

उभ्या माणसाचा नुसता पाय घसरला आणि हाड मोडलं, तर ओल्या फरशीला बोल लावून भागत नाही. धडधाकट हाड एवढ्याशाने सहसा मोडत नाही. पन्नाशीनंतर असं घडलं, तर हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे पाहायलाच हवं.

प्रस्तुत लेखिकेच्या आत्यांच्या बाबतीत तेच राहून गेलं. खालापूर तालुक्यातलं साजगाव बोंबल्या विठोबाच्या कार्तिकी यात्रेसाठी आणि तिथल्या सुक्या मासळीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. त्या गर्दीत आत्या घसरल्या, हात टेकला आणि मनगट गेलं. प्लास्टर झालं, हाड जुळलं. पण ते मोडलंच का, हे दवाखान्यात कोणी सांगितलं नाही. पुढे त्या मोरीत पडल्या आणि खुबा मोडला.

खुबा मोडला की पाय बहुधा आखूड दिसतो, बाहेर वळतो. अशा वेळी चोळू नये, उभं करून पाहू नये. आत्यांना आधी हाडवैदाकडे नेलं आणि शस्त्रक्रिया लांबली. खरं तर ती शक्यतो दोन दिवसांत व्हावी आणि दुसऱ्या दिवशी माणसाला आधाराने उभं करावं. अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या असं एकेक मागे लागतं.

शस्त्रक्रियेने हाड सांधतं, ठिसूळपणा जात नाही.

तो डेक्सा तपासणीत मोजतात. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मग नुसतं कॅल्शियम किंवा नाचणीची भाकरी पुरत नाही. ॲलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात, पण आधी मूत्रपिंडं आणि ड जीवनसत्त्व तपासून. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे औषध घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळलं. डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी असतं. ते परस्पर थांबवलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो.

तुमच्या घरात कोणा वडीलधाऱ्यांचं मनगट प्लास्टरमध्ये असेल, तर ते निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा: हाडांची घनता कधी तपासायची?